शेवरलेचं जुनं सहा सिलेंडर इंजिन: आधी तेल समजून घ्या, मग पाना उचला

जुनी शेवरले घेतलेल्या माणसाचा पहिला फोन हमखास ऑईल प्रेशरबद्दल असतो. गाडी गरम झाली, सिग्नलला उभी राहिली, की डॅशबोर्डवरचा काटा शून्याला टेकायला येतो. मिस्त्री सांगतो, "पंप गेला, जाड तेल टाका." मालक चाळीस किंवा पन्नास ग्रेडचं तेल भरतो, काटा जरा वर चढतो, सगळे खूश होतात. आणि पुढच्या वर्षी रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी) जोडणारा दांडा, वाजायला लागतो.

तो काटा खोटं सांगत नव्हता, आणि पंपही गेलेला नव्हता. या इंजिनात तेल फिरण्याची पद्धतच निराळी आहे. ती नीट समजली, तर देखभाल कधी, कशी आणि का करायची यातल्या बऱ्याच गोष्टी आपोआप जागेवर बसतात.

कोणतं इंजिन?

शेवरलेने १९२९ च्या मॉडेलपासून सहा सिलेंडरचं, डोक्यावर व्हॉल्व्ह असलेलं इंजिन द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत त्याला लाडाने 'स्टोव्हबोल्ट' म्हणतात. १९३७ मध्ये ते नव्याने आखलं गेलं: साडेतीन इंच बोअर, पावणेचार इंच स्ट्रोक, २१६.५ घनइंच म्हणजे साधारण ३५५० सीसी, आणि तीनऐवजी चार मेन बेअरिंग. सुरुवातीला ८५ अश्वशक्ती, पुढे ९० च्या आसपास. १९५२ पर्यंत गाड्यांमध्ये हे २१६ चाललं. आपल्याकडच्या फ्लीटमास्टर, स्टाईलमास्टर बहुतेक याच काळातल्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला आणि १९५४ मध्ये तो गुंडाळला, त्यामुळे जुन्या शेवरले इथे तुरळक का होईना, सापडतात. पुढे पेट्रोल परवडेना म्हणून कित्येकींच्या पोटात डिझेल इंजिन गेलं. तुमच्या गाडीत मूळचं २१६ शिल्लक असेल, तर ते जपण्यासारखं आहे.

त्याचाच थोरला भाऊ २३५ घनइंचाचा. १९५३ मध्ये ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांत आणि १९५४ पासून सगळ्याच गाड्यांत त्याला पूर्ण दाबाचं वंगण मिळालं. १९५३ च्या पहिल्या कॉर्व्हेटमध्ये तीन कार्ब्युरेटर लावून बसवलं होतं ते हेच २३५. दोन्ही इंजिनं बाहेरून सारखी दिसतात, पण आतून वागणूक वेगळी. म्हणून ब्लॉकवरचा नंबर आधी वाचा आणि मगच कुणाचाही सल्ला ऐका. इथून पुढे सगळं २१६ बद्दल आहे.

तेल कुठून कुठे जातं

आजच्या इंजिनात पंप क्रँकच्या आतल्या भोकांतून तेल दाबाने रॉडच्या बेअरिंगपर्यंत पोचवतो. २१६ मध्ये दाबाचं तेल फक्त मेन बेअरिंग आणि कॅमशाफ्टच्या बेअरिंगना मिळतं. व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या शाफ्टला अगदी हलक्या दाबाने थोडंसं पोचतं. रॉडच्या बेअरिंगला पाईप नाही, क्रँकमधून भोकही नाही. त्याऐवजी प्रत्येक रॉडच्या कॅपखाली पत्र्याची एक छोटी पळी असते. तिला डिपर म्हणतात. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, प्रत्येक रॉडखाली तेलाने भरलेलं एक पन्हाळं असतं. इंजिन सावकाश चालत असताना पळी पन्हाळ्यात बुडते, तेल उचलते आणि ते तिच्या भोकातून थेट बेअरिंगमध्ये जातं.

वेग वाढला की पन्हाळ्यातलं तेल पळीच्या फटकाऱ्याने उडून जातं. मग दुसरी सोय कामाला येते. चेंबरमध्येच एक नळी बसवलेली आहे आणि तिच्यावर प्रत्येक रॉडसाठी एक नोझल आहे. वेगाबरोबर पंपाचा जोर वाढतो, नोझलमधून धार उडते आणि फिरत येणारी पळी ती धार तोंडावर झेलते. पळी ज्या क्षणी जिथे असते, तिथेच ती धार पडली पाहिजे. इतका साधा आणि इतका नेमका प्रकार आहे.

यातून चार गोष्टी निघतात. एक, या इंजिनाला जास्त दाबाची गरजच नाही. गरम इंजिनावर, रस्त्यावर चालताना काटा (दर चौरस इंचाला) १४ पौंडांच्या आसपास असला तर उत्तम. आयडलला तो खाली बसणारच. दोन, जाड तेलाने काटा चढतो, पण तेच तेल नोझलच्या बारीक भोकातून मंद वाहतं आणि पन्हाळं भरायला वेळ लावतं. कंपनीने थंडी नसलेल्या हवेसाठी वीस ग्रेडचंच तेल सांगितलं होतं. आपल्या उन्हाळ्यात मी तीस ग्रेड किंवा चांगलं १०डब्ल्यू-३० वापरतो, त्याच्यावर जात नाही. तीन, चेंबरखाली जॅक कधीही लावू नका. चेंबरला एक पोचा पडला की पन्हाळं वर उचललं जातं किंवा नोझलची दिशा हलते, आणि बाहेरून काहीच कळत नाही. चार, तळाला बसलेला गाळ हा इथला सगळ्यात मोठा शत्रू.

गाळ आणि तेल बदलणं

२१६ ला सगळं तेल गाळून घेणारा फिल्टर नाही. काही गाड्यांवर वरून बसवलेला बायपास फिल्टर दिसतो, पण तो एका वेळी थोडंच तेल गाळतो. क्रँककेसमधली वाफ बाहेर जाते ती खाली लोंबणाऱ्या एका नळीतून, आणि तीही गाडी पळत असेल तरच, कारण वाऱ्याने ती ओढली जाते. रविवारी सकाळी दोन-चार किलोमीटर फिरवून परत गॅरेजमध्ये, असा वापर असेल तर आत पाणी साचतं आणि तेलाचं चिकट काळं लोणी होतं. तेल भरायच्या झाकणातली जाळी काढून रॉकेलमध्ये धुवा. हवा आत येण्याचा रस्ता तोच आहे आणि निम्म्या गाड्यांत तो बुजलेला असतो.

नव्याने घेतलेल्या गाडीत आधी कुठलं तेल होतं ते माहीत नसेल, तर नुसतं तेल काढून नवं डिटर्जंट तेल भरू नका. वर्षानुवर्षं बसलेला गाळ त्या तेलाने सुटेल आणि नोझलच्या तोंडाशी जाऊन अडकेल. आधी चेंबर उतरवा. गाडी घोड्यांवर (स्टँडवर) नीट टेकवा, इंजिन गरम असताना तेल काढा आणि रात्रभर निथळू द्या. चेंबर खाली आला की पन्हाळी बोटाने पुसून पाहा. तळाला चंदेरी चमक दिसली, तर बेअरिंगचं व्हाईट मेटल (आतला मऊ मिश्रधातू) झिजतंय. पितळी किंवा तांबूस कण दिसले, तर बुशिंगकडे संशय घ्या. पंपाची जाळी सोडवून धुवा. नोझलमधून मऊ तांब्याची तार फिरवा, कडक तार नको. मग नळीतून हवा किंवा पाणी सोडून सहाही धारा एकसारख्या, सरळ उडतात का ते पाहा. जुन्या वर्कशॉपमध्ये धार तपासायला खास निशाणपट्टी असे. ती नसेल तर निदान सहा धारांची एकमेकींशी तुलना करा. एक धार तिरकी असेल, तर तोच रॉड पुढे वाजणार.

पळ्यांची टोकं वाकलेली नाहीत ना, हेही याच वेळी बघायचं. नवं कॉर्कचं पॅकिंग लावताना बोल्ट हाणून आवळू नका, कॉर्क बाहेर फुटतं आणि पुढच्या आठवड्यात फरशीवर डबकं. तेल पाच अमेरिकन क्वार्ट, म्हणजे पावणेपाच लिटर. वापर कमी असला तरी पावसाळा संपला की एकदा बदला. मी किलोमीटरपेक्षा कॅलेंडर बघून बदलतो.

टॅपेट

या इंजिनाचा खास आवाज म्हणजे शिवणयंत्राची हलकी टिकटिक. ती पूर्ण बंद करायचा हट्ट धरू नका, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळेल.

टॅपेटचं, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातल्या फटीचं, माप गरम इंजिनावर घ्यायचं. इनटेकला ६ ते ८ थाऊ, एक्झॉस्टला १३ ते १५ थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मिलिमीटरचं फिलर गेज असेल तर इनटेक ०.१५ ते ०.२०, एक्झॉस्ट ०.३३ ते ०.३८. पुढून मागे व्हॉल्व्हची रांग अशी आहे: एक्झॉस्ट, इनटेक, इनटेक, एक्झॉस्ट, एक्झॉस्ट, इनटेक, इनटेक, एक्झॉस्ट, एक्झॉस्ट, इनटेक, इनटेक, एक्झॉस्ट. पाठ करायची गरज नाही, समोरच्या मॅनिफोल्डच्या शाखा बघितल्या की कळतं. दोन्ही टोकांना एक्झॉस्ट, मध्ये जोड्या.

कंपनीच्या पद्धतीत इंजिन चालू ठेवून गेज घालायचं. सवय नसेल तर गेज चेपून खराब होतं आणि तेल अंगावर उडतं. त्यापेक्षा बंद इंजिनावर असं करा:

१. अर्धा तास गाडी चालवून आणा, नुसतं आयडलवर गरम करू नका. रॉकरचं झाकण काढा, सगळे प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल.

२. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४ आहे. यात १ आणि ६, ५ आणि २, ३ आणि ४ या जोड्यांचे पिस्टन बरोबरच वर-खाली होतात. जोडीची बेरीज नेहमी सात येते, एवढंच ध्यानात ठेवा.

३. सहा नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह झुलताना दिसले, म्हणजे एक्झॉस्ट बंद होत आलाय आणि इनटेक उघडायला लागलाय, की तिथे थांबा. आता एक नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहेत. त्यांचं माप घ्या.

४. मग दोन नंबर झुलेल तेव्हा पाच, चार झुलेल तेव्हा तीन, एक झुलेल तेव्हा सहा, असं पुढे जा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत बाराही होतात.

५. लॉकनट सैल करून स्क्रू फिरवा, गेज हलकं घासत सरकलं पाहिजे. नट आवळल्यावर पुन्हा तपासा, कारण आवळताना स्क्रू थोडा हमखास फिरतो.

झाकण उघडंच आहे तर प्लग परत बसवून इंजिन दोन मिनिटं आयडलवर चालवा आणि बाराही रॉकरमधून तेल पाझरतंय का ते टॉर्च घेऊन बघा. कोरडा रॉकर सापडला तर शाफ्टच्या आत गाळ बसलाय. हे काम कुणी करत नाही, आणि रॉकर शाफ्ट झिजून खोबणी पडल्यावर टॅपेट कितीही जुळवले तरी आवाज जात नाही. खोबणी पडलेल्या रॉकरवर सपाट गेज खोटं माप देतं.

एक्झॉस्टचं अंतर दर वेळी कमी होत गेलेलं आढळलं, तर सीट खचतेय. आपल्याकडे २००० पासून शिसेविरहित पेट्रोल आहे आणि या हेडच्या सीट साध्या बिडाच्या आहेत. सावकाश चालणाऱ्या गाडीत हे फार हळू होतं. मापांची एक वही ठेवलीत तर वेळेत कळतं.

पॉईंट, टायमिंग आणि सहा व्होल्ट

डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉईंटचं, म्हणजे ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या संपर्काचं, अंतर १८ थाऊ. नवा पॉईंट असेल तर गेजने जमतं. जुन्या पॉईंटवर एका बाजूला टेकडी आणि दुसरीकडे खड्डा तयार झालेला असतो, तिथे गेज फसतं. सरळ नवा टाका आणि कंडेन्सरही बदला. डिस्ट्रिब्युटरचा रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो. वायरी उतरवायच्या आधी फोटो काढून ठेवा. प्लगला ३५ थाऊ गॅप ठेवा.

टायमिंगची खूण क्रँकच्या पुलीवर शोधत बसू नका. ती मागे फ्लायव्हीलवर आहे. उजव्या बाजूला, स्टार्टरच्या वर, बेलहाऊसिंगला एक छोटी खिडकी आणि आत एक काटा आहे. फ्लायव्हीलमध्ये एक पोलादी गोळी ठोकलेली आहे. ती काट्यासमोर आली की एक नंबरचा पिस्टन वरच्या टोकाच्या ५ अंश आधी असतो. गोळीवर खडूने पांढरा ठिपका द्या, म्हणजे टायमिंग लाईटमध्ये दिसेल. मात्र १२ व्होल्टची लाईट या गाडीच्या सहा व्होल्टच्या बॅटरीवर पेटणार नाही. तिला वेगळी बॅटरी द्या. डिस्ट्रिब्युटरच्या पायाशी एक अंशांची पट्टी आहे, ऑक्टेन सिलेक्टर. टायमिंग लावताना ती शून्यावर ठेवा, नंतर रस्त्यावर चढात टकटक आली तर तिथून मागे घ्या.

स्टार्ट होत नाही म्हणून गाडी १२ व्होल्टची करून टाकणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. तेवढ्याच कामाला सहा व्होल्टवर दुप्पट करंट लागतो, म्हणून वायर जाड लागते. बाजारात मिळणारी आजच्या गाडीची बॅटरी केबल इथे बारीक पडते. ती गरम होते, स्टार्टर रडतो आणि दोष व्होल्टला जातो. वेल्डिंगच्या केबलइतकी जाड तांब्याची केबल घ्या, टोकं सोल्डर करून घ्या, आणि इंजिन ते चॅसी अर्थिंगची पट्टी पत्रा चकचकीत घासून बसवा. या गाडीत निगेटिव्हच अर्थ आहे. उन्हात तापलेलं इंजिनही मग पहिल्या सेल्फला सुरू होतं.

पेट्रोल आणि उष्णता

कॉम्प्रेशन रेशो साडेसहाच्या आसपास आहे. महागडं हाय ऑक्टेन पेट्रोल जाळून या इंजिनाला काही मिळत नाही. आजच्या पेट्रोलची खरी अडचण वीस टक्के इथेनॉल ही आहे. जुन्या फ्युएल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या त्याने फुगतात, चिरतात. पडदा फाटला की पेट्रोल सरळ चेंबरमध्ये उतरतं, आणि पळीने उचललेलं तेल पातळ झालेलं असतं. डिपस्टिक दर आठवड्याला हुंगायची ती यासाठी. तेलाची पातळी न भरता वाढलेली दिसली तर इंजिन सुरूच करू नका. पंपाचा इथेनॉल सोसणारा पडदा मागवून घ्या.

इथेनॉलमुळे मिश्रणही थोडं पातळ पडतं. कार्ब्युरेटर १९४९ पर्यंत बहुधा कार्टर डब्ल्यू-१, त्यानंतर रोचेस्टर बी. दोन्ही साधे आहेत. आयडल स्क्रू व्हॅक्यूम गेजवर लावा: काटा १७ ते २१ इंचांत स्थिर राहिला पाहिजे. ठरावीक ठेक्याने खाली झटके देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कार्ब्युरेटरशी खेळू नका.

मे महिन्यात गाडी बंद करून दहा मिनिटांनी सुरूच होत नाही, ही तक्रार सगळ्यांची. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये एक झडप असते. इंजिन थंड असताना ती गरम वायू इनटेककडे वळवते आणि गरम झाल्यावर बाजूला होते. गंजून ती बंद जागीच अडकली, तर कार्ब्युरेटर खालून शिजतो. तिचं वजन हाताने हलवून बघा. अडकलं असेल तर भेदक तेल सोडून, हलक्या हातोडीने मागे-पुढे करत मोकळं करा.

रेडिएटरबद्दल थोडक्यात: थर्मोस्टॅट काढून फेकू नका, ब्लॉकच्या मागच्या टोकाला साचलेली माती ड्रेनच्या भोकातून तारेने उकरा, आणि बोअरवेलचं पाणी भरू नका.

चालवणं हीसुद्धा देखभालच

मागच्या ॲक्सलचं प्रमाण ४.११ आहे. ताशी ८० किलोमीटरला इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं. थोडा वेळ चालेल, तासन्‌तास नको. एक्स्प्रेस-वेवर ट्रक मागून हॉर्न वाजवतात म्हणून दाबू नका, जुना पुणे रस्ता घ्या. आणि याच्या उलट, घाटात टॉपवर रडवतही नेऊ नका. कमी फेऱ्यांवर जास्त ओझं म्हणजे रॉडच्या बेअरिंगवर सगळा घाव आणि पळीने उचललेलं तेल तेवढंच. बोरघाटात वेळेवर सेकंड टाका.

गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये चमचाभर तेल सोडा, इग्निशन बंद ठेवून सेल्फ मारा, ऑईल प्रेशरचा काटा हलल्यावरच प्लग बसवा.

आवाज आला तर

सगळ्यांना भीती वाटते ती रॉडच्या ठोक्याची. टॅपेटचा आवाज वरून, इंजिनाच्या निम्म्या वेगाने येतो. रॉडचा आवाज खालून येतो, ॲक्सिलरेटर सोडताना जास्त. इंजिन जरा वेगात ठेवून एकेका प्लगची वायर काढा. ज्या सिलेंडरला आवाज मरतो, तो रॉड. लगेच थांबा, घरापर्यंतही चालवू नका.

दरम्यान कॉम्प्रेशनही तपासून घ्या. गरम इंजिनावर, सगळे प्लग काढून, थ्रॉटल उघडा ठेवून ११० पौंडांच्या आसपास यावं आणि सहांमध्ये फार फरक नसावा. ते बरोबर असेल तर हेड उघडायचं कारण नाही, काम खालून होतं.

या रॉडमध्ये आजच्यासारखे बदलायचे शेल नसतात. व्हाईट मेटल थेट रॉडमध्ये ओतलेलं असतं आणि कॅपच्या दोन्ही बाजूंना पातळ शिमच्या पट्ट्या असतात. झीज थोडीच असेल आणि मेटलला तडे नसतील, तर दोन्ही बाजूंनी सारखीच शिम काढून अंतर कमी करता येतं. एका बाजूने जास्त काढली तर भोक वाकडं होतं. कॅप आवळल्यावर रॉड क्रँकपिनवर दोन्ही हातांनी पुढे-मागे टकटक सरकला पाहिजे. सरकत नसेल तर शिम परत घाला. क्रँकपिन लंबगोल झाली असेल तर शिम काढून काहीच साधत नाही, आणि ते मायक्रोमीटरने दोन दिशांना मोजल्याशिवाय कळत नाही.

मेटल तडकलं किंवा वितळलं असेल तर नवं ओतून घ्यावं लागतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या जुन्या यंत्रकामाच्या वस्तीत चौकशी केलीत तर हे काम जाणणारा वयस्क कारागीर अजून सापडू शकतो. रॉड देताना प्रत्येकावर आपला नंबर आणि पळीचं तोंड कोणत्या बाजूला होतं त्याची खूण करून द्या. पळी उलटी बसली तर धार तिच्या पाठीवर पडते आणि नवं मेटल पहिल्याच फेरीत जातं.